बंडाचं बिऱ्हाड

मराठीत 'प्रयोग' हा शब्द दोन घरी नांदतो. प्रयोगशाळेत होतो तो प्रयोग, आणि नाट्यगृहात तिसऱ्या घंटेनंतर सुरू होतो तोही प्रयोग. नाटकाचा पाचशेवा प्रयोग झाला असं आपण म्हणतो, तेव्हा तीच संहिता पाचशे वेळा नव्यानं कसाला लागली हे त्या शब्दानं गृहीत धरलेलं असतं. संगीताच्या बाबतीत मात्र 'प्रायोगिक' म्हटलं की डोळ्यांपुढे वेगळंच चित्र उभं राहतं. कुणी तरी एकटा, परंपरेशी भांडून घराबाहेर पडलेला. त्याच्या पाठीशी ना संस्था, ना पैसा, ना श्रोते. हे चित्र मोहक आहे आणि माझ्या मते ते बरंचसं खोटं आहे. विसाव्या शतकातल्या युरोपीय संगीतात जे सर्वांत धाडसी प्रयोग झाले, त्यांतले कितीतरी एका लहानशा गावात, ठरलेल्या तारखांना, छापील कार्यक्रमपत्रिकेनुसार आणि कुणी तरी आधीच बाजूला काढून ठेवलेल्या पैशांवर झाले. बंडालाही बिऱ्हाड लागतं. ते बिऱ्हाड कोण चालवतं आणि त्याचं भाडं कोण भरतं, यावर ते बंड किती लांब जाणार हे ठरतं.

ते गाव म्हणजे डोनाउएशिंगेन. जर्मनीच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, ब्लॅक फॉरेस्टला लागून असलेल्या पठारावर वसलेलं, वस्ती सुमारे २२ हजार. ब्रिगाख आणि ब्रेग या दोन लहान नद्यांचा इथं संगम होतो आणि तिथून पुढे त्या पाण्याला डॅन्यूब हे नाव मिळतं. फ्युर्स्टेनबर्ग संस्थानिकांचा राजवाडा, त्यांच्या नावाची बिअर, चर्च, शाळा, एक मोठं सभागृह, असा गावाचा पसारा. इथं दर ऑक्टोबरात एका शनिवार-रविवारला धरून 'डोनाउएशिंगर मुझिकटागे', म्हणजे डोनाउएशिंगेनचे संगीतदिवस, साजरे होतात. श्रोता सभागृहातून शाळेच्या व्यायामशाळेत जातो, तिथून चर्चमध्ये. वाटेत एखाद्या इमारतीत ध्वनीची मांडणी केलेली असते, तिथंही थांबतो. पत्रिकेतल्या जवळजवळ प्रत्येक रचनेपुढे 'पहिला प्रयोग' अशी नोंद असते आणि त्यातल्या बहुतेक रचना महोत्सवानंच मोबदला देऊन लिहून घेतलेल्या असतात. सवाई गंधर्व महोत्सवातला श्रोता राग ओळखतो आणि आज तो कसा उलगडला ते तोलतो. इथल्या श्रोत्याच्या हाती तसं माप नसतं. ते त्याला ऐकता ऐकता घडवावं लागतं आणि पुढच्या रचनेसाठी टाकूनही द्यावं लागतं. रोजच्या कामातून उठून एका संध्याकाळी दोन तास काढणाऱ्याला हे जमणं अवघड. सलग तीन दिवस तेच कान, तीच माणसं, तोच विषय असेल तर पहिल्या दिवशी नुसता गोंगाट वाटलेला आवाज तिसऱ्या दिवशी कशाशी तरी ताडून पाहता येतो. हा तीन दिवसांचा बेत सोयीपोटी ठरला असेलही, पण महोत्सवाचं निम्मं शिक्षण त्या बेतातच आहे.

सुरुवात झाली १९२१ च्या उन्हाळ्यात. पहिलं महायुद्ध संपून तीन वर्षंही झाली नव्हती, साम्राज्य कोसळलं होतं आणि चलनाची घसरण चालू होती. फ्युर्स्टेनबर्ग घराण्याचे माक्स एगोन दुसरे या संस्थानिकांच्या आश्रयाखाली आणि त्यांचे संगीतप्रमुख हाइनरिश बुर्कार्ड यांच्या पुढाकारानं, समकालीन संगीताला उत्तेजन देण्यासाठी लहान मैफली भरवायचं ठरलं. मानद समितीत रिखार्ड श्ट्राउस आणि बुसोनी यांच्यासारखी ज्येष्ठ नावं होती. पण व्यासपीठ मात्र ज्यांना कुणी विचारत नव्हतं अशा तरुणांना द्यायचं होतं. त्यात पाउल हिंडेमिट होता, वय २५. त्याचं तंतुवाद्य-चौकडीसाठीचं नवं काम वाजवायला आधी ठरलेल्या प्रस्थापित चौकडीनं नकार दिला. मग हिंडेमिटनं लिको आमार या व्हायोलिनवादकाला आणि आणखी साथीदारांना गोळा केलं, स्वतः व्हायोला हातात घेतला आणि ती रचना १ ऑगस्टला वाजली. त्यातून आमार चौकडी उभी राहिली आणि पुढची काही वर्षं युरोपभर नवं संगीत वाजवत फिरली. ही हकीकत सहसा हिंडेमिटच्या जिद्दीची म्हणून सांगितली जाते. जिद्द होतीच. पण नकारानंतरही तारीख रद्द झाली नाही, जागा राखून ठेवली होती आणि ऐकणारे येऊन बसले होते, हे त्या गोष्टीत सहज निसटून जातं. जिद्दीला कुठं तरी जाऊन उभं राहायला जागा मिळाली, म्हणून ती कामाला आली.

तीन वर्षांनी, १९२४ साली, शोनबर्गनं आपली 'सेरेनाड' इथं स्वतः कंडक्ट केली आणि वेबर्नच्या सहा 'बागातेल' पहिल्यांदा वाजल्या. सहाही तुकडे मिळून चार-पाच मिनिटांत संपतात. त्या रचना लिहून दहा-अकरा वर्षं उलटली होती. इतका काळ त्या कागदावर पडून होत्या. १९२६ मध्ये तर माणसाच्या हातालाच सुट्टी दिली गेली. कागदी पट्टीवर छिद्रं पाडून वाजणाऱ्या वेल्टे-मिन्योन पियानोसाठी हिंडेमिट आणि टोख यांनी थेट लिहिलं आणि बाउहाउसच्या ओस्कार श्लेमरचं 'त्रिपदी बॅले' यांत्रिक ऑर्गनच्या साथीनं सादर झालं. पुढच्याच वर्षी बिऱ्हाड हललं. महोत्सव बाडेन-बाडेनला गेला. तिथं ब्रेख्त आणि कुर्ट वाइल यांचं 'महागोनी' गीतनाट्य १९२७ मध्ये गाजलं आणि १९२९ मध्ये ब्रेख्तच्या बोधनाट्यावरून वादळ उठलं. १९३० मध्ये महोत्सव बर्लिनला पोचला आणि तिथंच त्याचा मूळ धागा तुटला. नाझी काळात डोनाउएशिंगेनमध्ये संगीताचे कार्यक्रम झाले, पण ते राजवटीच्या पसंतीचे. हिंडेमिटला १९३८ मध्ये देश सोडावा लागला. ज्या गावानं त्याचं पहिलं ऐकलं, त्याच गावाचं व्यासपीठ काही वर्षांत उलट कामाला जुंपलं गेलं. घर असलं म्हणजे त्यात राहणारा सुरक्षित असतो असं माझं म्हणणं नाही, आणि हे त्याचं पहिलं कारण. घर ज्याच्या मालकीचं, त्याच्या मर्जीनुसार त्याचे दरवाजे उघडतात आणि लागतात.

१९५० मध्ये दार पुन्हा उघडलं तेव्हा मालक बदलला होता. युद्धानंतर फ्रेंच ताब्यातल्या मुलखात १९४६ साली बाडेन-बाडेनला स्युडवेस्टफुंक ही सार्वजनिक नभोवाणी सुरू झाली होती. तिचा स्वतःचा मोठा वाद्यवृंद होता. संगीतविभागाचे प्रमुख हाइनरिश श्ट्रोबेल आणि वाद्यवृंदाचे मुख्य कंडक्टर हान्स रोसबाउड, दोघंही नव्या संगीताचे कट्टर पाठीराखे. ज्या नभोवाणीला बारा वर्षांच्या बंदीनंतर श्रोत्यांचे कान पुन्हा उघडायचे होते, तिला नवं संगीत हवंच होतं. शिवाय नभोवाणीचं एक साधं अंकगणित असतं: वाद्यवृंद पगारावर आहे, ध्वनिमुद्रणाची सोय घरची आहे, आणि प्रक्षेपणाचे तास भरायचेच आहेत. त्यामुळे तिकीटविक्रीवर जगणाऱ्या संस्थेला जी गोष्ट कधीच परवडली नसती, ती नभोवाणीला परवडली. ती गोष्ट म्हणजे तालमी. पश्चिमी वाद्यवृंदात बीथोवनची सिम्फनी दोन-तीन तालमींत उभी राहते, कारण प्रत्येक वादकाच्या बोटांत ती आधीच असते. ज्या रचनेत व्हायोलिनवर गज कुठं आणि कसा ओढायचा इथपासून सगळं नवं आहे, तिला तेवढ्यात काय होणार? अपुऱ्या तालमीत वाजलेली नवी रचना चुकीची वाजते, ऐकणाऱ्याला ती चूक कळत नाही आणि दोष रचनाकाराच्या माथी येतो.

या एका मुद्द्यासाठी १९६० आणि १९६१ ही दोन वर्षं बारकाईनं पाहावीत. १९६० च्या ऑक्टोबरात रोसबाउडनी पोलंडच्या पेंडेरेत्स्कीची 'अनाक्लासिस' वाजवली. ४२ तंतुवाद्यं आणि तालवाद्यं, तारांवर आघात, घोडीच्या मागून घासलेले आवाज. श्रोत्यांनी ती पुन्हा मागून घेतली. २२ ऑक्टोबर १९६१ ला त्याच वाद्यवृंदानं लिगेतीची 'अॅटमोस्फिअर' पहिल्यांदा वाजवली आणि तीही पुन्हा वाजवावी लागली. ग्यॉर्ग लिगेती १९५६ च्या उठावानंतर हंगेरीतून निसटून कोलोनला आलेला. तिथल्या इलेक्ट्रॉनिक संगीताच्या स्टुडिओत त्यानं आवाजावर आवाज चढवायची तंत्रं पाहिली, हाताळली. आणि तो स्टुडिओही एका नभोवाणीचाच होता. 'अॅटमोस्फिअर'मध्ये त्यानं ते तंत्र यंत्राशिवाय, माणसांकडून करवून घेतलं. ५६ तंतुवादक, आणि स्वरलिपीत प्रत्येकाची ओळ वेगळी. एरवी पहिल्या व्हायोलिनांचा अख्खा ताफा एकच ओळ वाजवतो. इथं शेजारच्याकडे पाहून वाजवायची सोय नाही. सुरुवातीला अनेक सप्तकांतले सगळे स्वर एकदम, पण अत्यंत हळू, उभे राहतात. मग त्या स्वरपुंजात आतल्या आत हालचाल सुरू होते. ओळी एकमेकींच्या मागोमाग इतक्या दाटीनं धावतात की कुठलीही एक कानाला धरता येत नाही. ऐकू येतो तो फक्त सगळ्यांचा मिळून बदलणारा पोत. एका ठिकाणी बारक्या बासऱ्या कानाला टोचेल इतक्या उंच जातात आणि दुसऱ्या क्षणी तळातून डबल बासचा आवाज येतो, जणू मधला सगळा मजला कुणी काढून घेतला. सुमारे नऊ मिनिटांचं हे काम. ते लिहायला एक माणूस पुरला. वाजवायला मात्र ऐंशीहून अधिक वादक, त्यांच्या तालमी आणि रोसबाउडसारखा, कागदावर लिहिलेलं जसंच्या तसं ऐकवण्याचा ध्यास घेतलेला माणूस लागला. १९६८ मध्ये स्टॅन्ली कुब्रिकनं '२००१: ए स्पेस ओडिसी' या चित्रपटात ते वापरलं आणि ज्यांनी डोनाउएशिंगेनचं नावही ऐकलं नव्हतं अशा लाखो लोकांच्या कानांवर ते पडलं. अवकाशाची ती पोकळी आजही अनेकांना त्याच आवाजात आठवते.

अलीकडचं एक उदाहरण आपल्या कानाला जास्त जवळचं आहे. २०१० मध्ये ऑस्ट्रियाच्या गेओर्ग फ्रीडरिश हासची 'लिमिटेड अॅप्रॉक्सिमेशन्स' इथं पहिल्यांदा वाजली: सहा पियानो आणि मोठा वाद्यवृंद. हे सहा पियानो एकमेकांपासून अर्ध्या स्वराच्या सहाव्या हिश्शानं सरकवून लावलेले, म्हणजे सगळे मिळून एका सप्तकात ७२ जागा. ज्या वाद्याच्या ठरीव बारा पट्ट्यांमुळे आपल्याकडे पेटीच्या साथीवरून पिढ्यान्‌पिढ्या वाद झाला, श्रुती झाकल्या जातात म्हणून तक्रारी झाल्या, त्याच जातीच्या वाद्याकडून हासनं मींड काढून घेतली. सहा वादकांनी ओळीनं वाजवलेले स्वर कानात एक अखंड घसरण होऊन उतरतात. कल्पना सुरेख आहे. पण ती ऐकायची तर सहा मोठे पियानो एका सभागृहात आणायला हवेत, ते जाणकारांकडून विशिष्ट पद्धतीनं लावून घ्यायला हवेत, त्यांच्याबरोबर पूर्ण वाद्यवृंदाची तालीम हवी. यातला एक दुवा जरी गळला तरी ही रचना म्हणजे नुसता एक चांगला विचार उरतो.

आता आक्षेप. पहिला आणि सर्वांत जुना असा की, पगार घेऊन केलेलं बंड हे बंडच नव्हे; ज्याचं मीठ खायचं त्याला दुखावेल असं कोण वाजवणार? या आक्षेपाला उत्तर १९५४ च्या कार्यक्रमानं दिलं आहे. त्या ऑक्टोबरात जॉन केज आणि डेव्हिड ट्यूडर हे दोघं अमेरिकन इथं आले आणि तारांमध्ये स्क्रू, रबर असल्या वस्तू खोचलेले दोन पियानो त्यांनी वाजवले. श्रोत्यांमध्ये हशा पिकला, टीकाकारांनीही टर उडवली. ज्या संस्थेनं त्यांना आमंत्रण दिलं तिला यातून त्या वेळी कौतुक तर मिळालं नाहीच. तरीही कार्यक्रम झाला, आणि केजचा युरोपीय संगीतावर पुढे जो खोल परिणाम झाला त्याच्या सुरुवातीच्या खुणांत ही संध्याकाळ मोजावी लागते. संस्थेला आवडेल तेच वाजतं, हे सरसकट खरं नाही. चांगली संस्था स्वतःच्या आवडीपेक्षा मोठा करार करते. तारीख, मानधन, व्यासपीठ ती आधी ठरवते आणि वाजणार काय हे तिला नंतर कळतं. हा क्रम ज्या दिवशी उलटा होतो, त्या दिवशी मात्र आक्षेप खरा ठरतो. हे मी मान्य करतो, आणि नाझी काळानं ते दाखवूनही दिलं आहे.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे. केजला तर दोन पियानो आणि थोडं लोखंडी सामान पुरलं. मुक्त जॅझवाल्यांना तेही लागलं नाही. मग वाद्यवृंद आणि नभोवाणीचं हे अवडंबर कशाला? या महोत्सवातच याची उदाहरणं आहेत. २१ ऑक्टोबर १९६७ ला आलेक्झांडर फोन श्लिपेनबाखचा 'ग्लोब युनिटी' हा मुक्त जॅझचा मोठा ताफा इथं वाजला. त्याच महिन्यात, इथून जेमतेम १५ किलोमीटरवर फिलिंगेनच्या साबा स्टुडिओत 'जॅझ मीट्स इंडिया' ही तबकडी ध्वनिमुद्रित झाली. तिच्यात इरेन श्वाइट्सरच्या पियानोबरोबर दिवाण मोतिहार यांची सतार, कुसुम ठाकूर यांचा तंबोरा आणि केशव साठे यांचा तबला आहे. साठे मुंबईचे, लंडनला स्थायिक झालेले. जॅझच्या वादकांबरोबर तालाची देवाणघेवाण करण्यात ज्यांनी आयुष्याचा मोठा काळ घालवला अशा पहिल्या भारतीय तबलावादकांपैकी एक. युरोपच्या नव्या संगीताच्या इतिहासात आपल्याकडच्या माणसाचं हे पाऊल ठळक आहे आणि मराठीत त्याची फारशी आठवण काढली जात नाही, याची मला खंत वाटते. चार वर्षांनी, १९७१ मध्ये, डॉन चेरीनं पेंडेरेत्स्कीबरोबर इथं कार्यक्रम केला. त्याच्या ध्वनिमुद्रिकेवर तंबोरा आहे आणि एका तुकड्याच्या नावात 'सीताराम' आहे. पण या सगळ्यामागे कोण होतं? तबकडीचा निर्माता योआखिम-एर्न्स्ट बेरेंट हा त्याच स्युडवेस्टफुंकचा जॅझ विभाग सांभाळणारा माणूस होता. उत्स्फूर्त संगीताला स्वरलिपी लागत नसेल, पण वेगवेगळ्या देशांतल्या पंधरा-वीस वादकांना एका दिवशी एका जागी आणायला प्रवासखर्च लागतो, आणि तो उत्स्फूर्तपणे उभा राहत नाही.

इथं मराठी वाचक म्हणेल, आमची प्रायोगिक रंगभूमी तर सार्वजनिक नभोवाणीशिवाय उभी राहिली. दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात सत्तरच्या दशकात 'आविष्कार'नं जे सुरू केलं, त्याला कुठल्या राजाचा आश्रय होता? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर त्या चळवळीच्या नावातच आहे. तिला कुणा नाटककाराचं किंवा दिग्दर्शकाचं नाव मिळालं नाही; नाव मिळालं ते छपराचं. परवडणाऱ्या दरात, नेमानं, ठरावीक दिवशी मिळणारी एक जागा हीच तिथली संस्था होती. ते सभागृह मिळेनासं झालं तेव्हा नाटकं लिहिणारी आणि करणारी माणसं तीच होती, तरी 'छबिलदास' उरलं नाही. घर लहान असू शकतं, गरीब असू शकतं. ते नसून चालतं असं मात्र तिथंही दिसत नाही.

तिसरा आक्षेप पैशांचा. जर्मनीत प्रत्येक घराला महिन्याला १८.३६ युरो नभोवाणी-दूरचित्रवाणीचं शुल्क भरावं लागतं, मग घरातलं कुणी ऐको वा न ऐको. त्यातला काही वाटा, जरी तो नगण्य असला तरी, अशा संगीतावर खर्च होतो जे बहुसंख्य लोक आयुष्यात एकदाही ऐकणार नाहीत. हे न्याय्य आहे का? 'कला महत्त्वाची आहे' असं म्हणून हा प्रश्न उडवून लावणाऱ्यांशी मी सहमत नाही. पैसे देणाऱ्याला विचारण्याचा हक्क आहे. पण नभोवाणी ज्यांच्यासाठी फुटबॉल, हवामान आणि बातम्या देते, त्यांच्यातच संगीताची नवी भाषा ऐकू इच्छिणारेही आहेत; त्यांची संख्या कमी म्हणून त्यांचा वाटा शून्य, असं गणित सार्वजनिक संस्थेला लावता येत नाही. शिवाय या संगीताची फळं तिकीटखिडकीवर मोजून हाती लागत नाहीत. आज कुठल्याही भयपटात किंवा विज्ञानपटात तारांचा जो दाट, घुमता गोळा ऐकू येतो, तो ऐकून सामान्य प्रेक्षक अस्वस्थ होतो पण गोंधळत नाही. त्या कानाची घडण पेंडेरेत्स्की आणि लिगेती यांच्यापासून सुरू होते. शुल्क भरणाऱ्याला त्याच्या पैशांची परतफेड अशा वाटेनं मिळाली आहे, फक्त तिच्यावर पावती नव्हती.

चौथ्या आक्षेपाला माझ्याकडे पुरेसं उत्तर नाही. घराला दार असतं आणि दारावर कुणी तरी उभं असतं. डोनाउएशिंगेनच्या दारातून दशकानुदशकं आत गेले ते प्रामुख्यानं युरोपातले पुरुष. ज्या काळात स्टॉकहाउजेनच्या रचनेचं नाव 'मंत्र' असू शकत होतं (१९७०, दोन पियानो आणि इलेक्ट्रॉनिक यंत्रणा, पहिला प्रयोग इथंच), त्या काळात आशियातून स्वतःचा प्रश्न घेऊन येणाऱ्या रचनाकाराला मात्र तिथं जागा मिळणं दुर्मीळ होतं. शब्द आत आला, माणूस बाहेर राहिला. २०२१ मध्ये शताब्दीच्या निमित्तानं त्या वेळचे संचालक ब्यॉर्न गॉटश्टाइन यांनी युरोपबाहेरच्या संगीतकारांसाठी स्वतंत्र उपक्रम आखला. २०२२ पासून लिडिया रिलिंग यांच्या हाती सूत्रं आहेत, आणि या पदावर आलेल्या त्या पहिल्या स्त्री. शंभर वर्षांनी उचललेलं पाऊल उशिराचं आहे हे सांगायला हवं. माझं म्हणणं एवढंच की, दार कुणासाठी उघडायचं हे भांडण दार असेल तरच करता येतं. ज्यांना वगळलं गेलं त्यांनीही आत जागा मागितली.

घर पडतं तेव्हा काय होतं, तेही इथं दिसलं. १९९८ मध्ये नैर्ऋत्येकडच्या दोन नभोवाण्या एक होऊन एसडब्ल्यूआर झाली आणि तिच्या पदरी दोन सिम्फनी वाद्यवृंद आले. एक श्टुटगार्टचा, दुसरा बाडेन-बाडेन आणि फ्राइबुर्गचा. हा दुसरा म्हणजे रोसबाउडचा, 'अॅटमोस्फिअर' पहिल्यांदा वाजवणारा. २०१२ मध्ये खर्चकपातीसाठी दोन्ही एकत्र करायचा निर्णय झाला. त्या ऑक्टोबरात उद्घाटनाच्या कार्यक्रमात रचनाकार योहान्नेस क्राइडलर मंचावर आला आणि एकमेकांना बांधलेलं एक व्हायोलिन आणि एक चेलो त्यानं सगळ्यांदेखत मोडून टाकलं. रचनाकारांनी, कंडक्टरांनी, श्रोत्यांनी विरोध केला. निर्णय बदलला नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात जुना वाद्यवृंद शेवटचा वाजला. महोत्सव चालू आहे, एकत्रित वाद्यवृंद तिथं वाजतो आणि चांगला वाजतो. तरीही सात दशकं अनोळखी स्वरलिपी उलगडण्यात ज्यांचा हात बसला, त्या वादकांची एकमेकांबरोबरची सवय बदल्यांच्या यादीत मावत नाही. अशा सवयीला घराण्याची तालीम म्हणतात, हे आपल्याला तरी सांगायला नको.

शेवटचा आक्षेप जाणकारांकडून येतो. इथल्या बहुतेक रचनांचा पहिला प्रयोग हाच शेवटचा ठरतो. नव्या मोबदल्यासाठी नवी रचना, नव्या वर्षी पुन्हा नवी. दुसरा प्रयोग करण्यात कुणालाच मान नाही. हे खरं आहे, आणि नाटकाच्या पाचशेव्या प्रयोगाचं कौतुक असलेल्या आपल्यासारख्यांना ते खटकणारच. पण एका रचनाकाराचा इथला प्रवास पाहिला तर 'वाया गेलं' कशाला म्हणायचं हा प्रश्न वेगळा दिसू लागतो. १९५१ मध्ये २६ वर्षांच्या पिएर बुलेझची १८ वाद्यांची 'पॉलिफोनी एक्स' रोसबाउडनी इथं वाजवली. सभागृहात गदारोळ झाला आणि बुलेझनं पुढे ती रचना मागे घेतली. नभोवाणीच्या फितीवर ती राहिली. महोत्सवाच्या पंचाहत्तरीच्या ध्वनिमुद्रिकासंचात ती आज ऐकता येते. १९५८ मध्ये त्याला पुन्हा बोलावणं गेलं. ध्वनिफितीवरचे आवाज आणि जिवंत वाद्यवृंद एकमेकांत गुंफायचा त्याचा बेत होता; दोन वाद्यवृंद, दोन कंडक्टर, रोसबाउड आणि तो स्वतः. फीत ताठ होती, माणसांच्या श्वासाबरोबर ती हलत नव्हती. ही रचनाही त्यानं मागे घेतली. पुढच्याच वर्षी रोसबाउड आजारी पडले तेव्हा ऐनवेळी त्यांच्या जागी उभं राहायला याच बुलेझला बोलावलं गेलं. यंत्र आणि जिवंत वादक यांचं कसं जुळवायचं हा प्रश्न मात्र त्यानं सोडला नाही. १८ ऑक्टोबर १९८१ ला डोनाउएशिंगेनच्या एका क्रीडागृहात मधोमध वादकांचा ताफा बसला, भोवती श्रोते, आणि श्रोत्यांच्याही पलीकडे सहा एकल वादक. त्यांनी वाजवलेला स्वर पॅरिसहून आणलेलं 'फोर-एक्स' हे यंत्र त्याच क्षणी घेई, बदली आणि सभागृहभर फिरवी. ध्वनिफितीऐवजी आता वादकाच्या पाठोपाठ जाणारं यंत्र होतं. ती रचना म्हणजे 'रेपाँ'. त्या दिवशी वाजलं ते तिचं एक लहान रूप होतं. बुलेझ पुढची तीन वर्षं ती वाढवत राहिला.